जुना बॉयलर, झिजलेली टाकी, भेग पडलेला शाफ्ट: अजून चालवता येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड, वाळवा, पलूस पट्ट्यातले साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या, कुपवाड-मिरज आणि सातारा एमआयडीसीतली वर्कशॉप, तासगाव-सांगलीची बेदाण्याची आणि हळदीची कोल्ड स्टोरेज. यंत्रे वेगवेगळी, पण ओव्हरहॉलिंगच्या दिवसांत सगळीकडे प्रश्न एकच असतो: हे अजून एक हंगाम ओढेल का? त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. या उपकरणांच्या शेजारी माणसे उभी असतात, आणि पत्रा किती उरलाय हे मोजता येते.

"फिटनेस फॉर सर्व्हिस" म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटच ना?

नाही. फिटनेस फॉर सर्व्हिस म्हणजे वापरून झिजलेले उपकरण पुढे चालवता येईल का, याचे हिशेबाने केलेले मूल्यमापन. सर्टिफिकेट बहुतेक वेळा "चालेल" किंवा "चालणार नाही" एवढेच सांगते. या मूल्यमापनाचे उत्तर मात्र चार गोष्टींसह यायला हवे: किती दाबाला, किती तापमानाला, किती काळ आणि कोणत्या अटींवर. "ठीक आहे, वापरावे" एवढ्याच ओळीचा अहवाल आला, तर मूल्यमापन झालेलेच नाही असे समजा आणि परत पाठवा.

नवे उपकरण कसे बांधायचे हे डिझाइन कोड सांगतो. वीस वर्षे झिजलेल्या उपकरणाचे काय करायचे, याबद्दल त्यात फारसे काही नसते. ती उणीव एपीआय ५७९ या मानकाने भरून काढली. ते २००० साली आले आणि २००७ पासून एपीआय व एएसएमई या दोन अमेरिकन संस्था ते मिळून काढतात. सर्वदूर झीज, एका जागची झीज, खड्डे, भेगा, क्रीप (जास्त तापमानात ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाणे), आगीचा ताप, पोचे अशा प्रत्येक नुकसानाला त्यात वेगळा भाग आहे आणि हिशेबाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी तपासनीस साइटवर करू शकतो. दुसरीला अनुभवी इंजिनियर लागतो. तिसरीत संगणकावर ताणाचे विश्लेषण करावे लागते. आपल्या भागातली बहुतेक प्रकरणे पहिल्या दोन पायऱ्यांत निकाली निघतात.

कायदा काय सांगतो?

वाफेच्या बॉयलरवर बॉयलर कायदा लागू होतो. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा आला आहे. राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. एअर रिसीव्हर (कॉम्प्रेसरच्या हवेची टाकी) आणि वाफेवर न चालणारी इतर दाबपात्रे कारखाना नियमांखाली येतात. त्यांची सक्षम व्यक्तीकडून (या नियमांखाली मान्यता मिळालेल्या तपासनीसाकडून) सहा महिन्यांतून एकदा बाहेरून आणि वर्षातून एकदा आतून तपासणी करून घ्यायची असते. ही झाली किमान अट. पत्रा किती वेगाने झिजतोय हे या तारखा बघत नाहीत.

बॉयलरला २५ वर्षे झाली. पण आमचा हंगाम पाचच महिन्यांचा, मग प्रत्यक्ष वापर कमीच ना?

भारतीय बॉयलर नियमावली १९५० मधल्या ३९१-अ मध्ये दोन घड्याळे आहेत. ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या बॉयलरचे क्रीपच्या टप्प्यातले भाग १,००,००० तास झाले की तपासायचे. आणि बॉयलरला २५ वर्षे पूर्ण झाली की उर्वरित आयुष्याची तपासणी करायचीच. निकाल चांगला आला तर जास्तीत जास्त १० वर्षांची मुदतवाढ मिळते, आणि पुढे दर ५ वर्षांनी पुन्हा तपासणी. ती केंद्रीय बॉयलर मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावी लागते. त्या संस्थेला कमी मुदत किंवा कमी दाबही सुचवता येतो.

आता हिशेब करा. १५० दिवसांचा हंगाम म्हणजे ३,६०० तास. त्या गतीने लाख तास व्हायला जवळजवळ २८ वर्षे लागतात, म्हणजे २५ वर्षांची अट आधी येते. पण को-जन (वाफेवर वीजनिर्मिती) असेल आणि बॉयलर वर्षाला ३०० दिवस चालत असेल, तर ७,२०० तासांच्या हिशेबाने लाख तास १४ वर्षांतच भरतात. "बॉयलर तर नवाच आहे" म्हणत ही तासांची मुदत बऱ्याच ठिकाणी नजरेतून सुटते. चालू तासांची नोंद टर्बाइनच्या लॉगबुकवरून काढू नका, बॉयलरची वेगळी ठेवा. दोन बॉयलर आलटून पालटून चालत असतील तर दोन्ही आकडे जुळत नाहीत.

आणि हंगाम छोटा म्हणजे झीज कमी, हेही खरे नाही. उरलेले सात महिने बॉयलर कसा ठेवला यावर पुष्कळ अवलंबून असते. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

सुपरहीटरचे (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांचे) तापमान थोडे वर गेले तर एवढे काय बिघडते?

क्रीपच्या टप्प्यात "थोडे" म्हणजे फार. ज्या धातूचे आयुष्य ५४० अंशाला १,००,००० तास आहे, त्याच ताणाखाली तो ५५० अंशाला सुमारे ५०,००० तासच टिकतो. तापमान आणि आयुष्य जोडणाऱ्या लार्सन-मिलर सूत्रात आकडे घालून कोणीही हे पडताळू शकेल. म्हणून मूल्यमापनाला बसताना सरासरी तापमान देऊ नका. किती तास तापमान मर्यादेच्या वर होते, ते डीसीएसमधून (कंट्रोल रूमच्या संगणकातल्या नोंदींतून) काढून द्या. ट्यूबच्या आत साचलेल्या थरामुळे धातूचे तापमान वाफेपेक्षा बरेच वर असते, म्हणून नमुन्याची एक ट्यूब कापून थर मोजणे हा पैसे वसूल करणारा खर्च आहे.

हेडर (ट्यूब जिथे एकत्र येतात तो जाड नळ) आणि मुख्य वाफवाहिनीवर रेप्लिका घेतात. पृष्ठभाग आरशासारखा घासून, ॲसिडने किंचित खोदून, त्याचा ठसा फिल्मवर उचलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुटी सुटी पोकळी दिसली तर लक्ष ठेवायचे. पोकळ्या एका दिशेने रांगेत लागलेल्या दिसल्या तर पुढच्या तपासणीची तारीख आत्ताच ठरवायची. सूक्ष्म भेगा असतील तर दुरुस्ती होईपर्यंत मर्यादित वापर, आणि मोठी भेग असेल तर लगेच दुरुस्ती.

हायड्रो (पाण्याच्या दाबाची टेस्ट) पास झाली. मग जाडी मोजायची काय गरज?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त धोक्याचाही हाच आहे. हायड्रो टेस्ट एवढेच सांगते की त्या दिवशी, थंड पाण्याने, त्या दाबाला ते उपकरण फुटले नाही. पाच मि.मी. लागतात तिथे ५.१ उरले असले तरी टेस्ट पास होते, आणि मार्चपर्यंत ते ४.९ झालेले असते. छोटी भेग टेस्टमधून सहीसलामत बाहेर पडते आणि पुढे वाढत राहते. हायड्रो करा, पण जाडीच्या मोजणीनंतर.

पाणी भरायला वेळ नाही म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट घेणाऱ्यांना हात जोडून विनंती: हे करू नका. १.२ मीटर व्यासाच्या, ३ मीटर लांबीच्या रिसीव्हरमध्ये १० किलो (दर चौरस सें.मी.ला) दाबाची हवा म्हणजे साधारण एक किलो टीएनटीइतकी ऊर्जा. तेवढ्याच दाबाच्या पाण्यात साठणारी ऊर्जा त्यापुढे नगण्य असते. पाण्याची टेस्ट फसली तर जमीन ओली होते, हवेची फसली तर शेडची भिंत राहत नाही.

डिस्टिलरीतल्या स्टेनलेसच्या कॉलमला टेस्ट करताना पाणी तपासून घ्या. नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असते. ५० पीपीएमपेक्षा कमी क्लोराइडचे पाणी वापरा, टेस्टनंतर पूर्ण निचरा करा आणि हवेने सुकवा. खाली साचून राहिलेले खारे पाणी तापले की ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला केसासारख्या भेगा पडतात.

जाडी नेमकी कुठे आणि कशी मोजायची?

जिथे हात पोचतो तिथे मोजली जाते, ही मुख्य अडचण. शेलच्या (टाकीच्या गोल भिंतीच्या) मध्यावर, कमरेच्या उंचीला चार रीडिंग घेतली जातात आणि अहवाल तयार होतो. झीज मात्र दुसरीकडेच चाललेली असते.

उभ्या एअर रिसीव्हरचे उदाहरण घ्या. हवेतले पाणी खालच्या डिशमध्ये (बशीसारख्या तळात) जमते. ड्रेनचे नोझल (पाइप जोडायचे तोंड) वेल्ड करताना पाइप आत ५-१० मि.मी. वर आलेला असेल, तर व्हॉल्व्ह कितीही वेळा उघडा, तेवढे पाणी कायम तिथेच राहते. मॅनहोलमधून टॉर्च मारली की त्या पाण्याची कड दिसते: वर तेलकट काळा पत्रा, खाली तांबूस वलय, आणि वलयाच्या कडेने हरभऱ्याएवढे खड्डे. ते गंजाच्या पापुद्र्याखाली झाकलेले असतात. पापुद्रा तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय खड्डा दिसत नाही आणि त्याची खोलीही मोजता येत नाही. मोजायचे ते इथे.

त्या भागावर खडूने ५० मि.मी.ची जाळी आखा, संशयित जागी २५ मि.मी.ची. किमान १५ रीडिंग घ्या. त्यांच्यातला फरक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर झीज सर्वदूर एकसारखी आहे असे धरता येते. त्याहून जास्त असेल तर रेघेवर सलग रीडिंग घेऊन झिजेचा नकाशा काढावा लागतो. जाळीची सुरुवात कुठून आणि किती अंतरावर, हे मॅनहोलपासून मोजून लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्याच बिंदूवर मीटरचा प्रोब टेकला नाही, तर झिजेचा वेग निघत नाही.

जाडीचे मीटर पत्र्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून जाडी काढते. मोजताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. रंगावरून मोजले तर ०.३ मि.मी. रंग जवळपास ०.७ मि.मी. पोलादासारखा दिसतो आणि पत्रा जाड असल्याचा भास होतो. रंग खरवडा, नाहीतर इको-टू-इको पद्धतीचे (रंग वगळून फक्त धातू मोजणारे) मीटर वापरा. गरम पत्र्यात ध्वनी हळू जातो. दर ५५ अंशाला साधारण १ टक्का चूक धरा, म्हणजे थंड ब्लॉकवर कॅलिब्रेट केलेले मीटर २०० अंशाच्या पाइपवर ८ मि.मी.ला ८.२५ च्या आसपास दाखवते. आणि अगदी पातळ ट्यूबवर मीटर कधी कधी दुप्पट आकडा देते: १ मि.मी. उरलेली ट्यूब २ मि.मी. दिसते. शेजारच्या ट्यूबपेक्षा एखादी अचानक जाड वाटली तर आनंद मानू नका, दुसऱ्या प्रोबने पुन्हा बघा.

किती पत्रा उरला म्हणजे पुरे? हिशेब करून दाखवा.

रिसीव्हरचा आतला व्यास १,२०० मि.मी., दाब १० किलो म्हणजे ०.९८ मेगापास्कल. पत्रा मूळचा ८ मि.मी. प्लेटचा परवानगी ताण १३८ मेगापास्कल आणि जोडाची कार्यक्षमता (वेल्डची ताकद पत्र्याच्या किती पट धरायची तो आकडा) ०.८५ धरली. शेलला लागणारी किमान जाडी काढायची रीत: दाब गुणिले त्रिज्या, भागिले (ताण गुणिले कार्यक्षमता, वजा ०.६ पट दाब). झिजून वाढलेली त्रिज्या घेतली तर उत्तर येते ५.०५ मि.मी.

समजा पत्रा २००५ मध्ये ८.० होता, २०१९ मध्ये ७.२ आणि २०२५ मध्ये ६.४. वीस वर्षांची सरासरी झीज वर्षाला ०.०८ मि.मी. त्या हिशेबाने उरलेला १.३५ मि.मी. जवळपास १७ वर्षे पुरतो. पण शेवटच्या सहा वर्षांत वेग ०.१३ च्या वर गेलाय, आणि त्या वेगाने १० वर्षेच मिळतात. दोन वेगांपैकी मोठा धरायचा. पुढची आतली तपासणी उरलेल्या आयुष्याच्या अर्ध्यावर किंवा १० वर्षांवर, जे आधी येईल तेव्हा. इथे ती ५ वर्षांवर येते. कारखाना नियमांची वार्षिक तपासणी वेगळी, ती चुकत नाही. आणि वेग का वाढला ते शोधा. बहुतेक वेळा ऑटो ड्रेन बंद पडलेला असतो किंवा ड्रायर काढून ठेवलेला असतो.

एकाच जागी ३.४ मि.मी. जाडी सापडली, बाकी ठीक आहे. भंगारात काढायचा?

लगेच नाही. इथेच एपीआय ५७९ चा खरा उपयोग होतो. वरच्याच रिसीव्हरमध्ये झिजलेल्या पट्ट्यातली सरासरी ५.६ आहे असे धरा. पुढच्या तीन वर्षांची झीज ०.४ वजा करा. सरासरी उरते ५.२, ती ५.०५ पेक्षा जास्त. सगळ्यात पातळ बिंदू उरतो ३.० मि.मी. तो तीन आकड्यांपैकी सगळ्यात मोठ्याच्या वर हवा: किमान जाडीचा निम्मा, मूळ जाडीचा पाचवा भाग, किंवा २.५ मि.मी. इथे तो आकडा २.५३. म्हणजे तीन वर्षांसाठी पहिल्या पायरीवर पास.

अट अशी की हा पट्टा नोझल, सपोर्ट, डिशचा जोड यांच्यापासून दूर हवा. या रिसीव्हरला साधारण १४० मि.मी. अंतर लागते. सरासरी किती लांबीवर घ्यायची हेही सूत्राने ठरते. सोयीची लांबी घेऊन सरासरी फुगवता येते, म्हणून अहवालात ती लांबी लिहिलेली आहे का ते तपासा.

दाब कमी करून चालवले तर?

हा प्रामाणिक आणि स्वस्त मार्ग आहे, पण अर्धवट केला तर फसवा. त्याच रिसीव्हरची सरासरी ४.६ पर्यंत आली असेल, तर आज त्याला ९ किलोच्या आसपास दाब झेपतो. दोन वर्षांची झीज आधीच वजा केली तर ८.५ किलो. म्हणजे ८.५ हाच नवा कमाल दाब.

मग सेफ्टी व्हॉल्व्ह ८.५ ला सेट करून सील करायचा. प्रेशर स्विच त्याच्या खाली आणायचा. नेमप्लेटशेजारी नवी पट्टी लावायची आणि सक्षम व्यक्तीच्या नोंदीत तो दाब चढवायचा. कमी दाबाला त्याच व्हॉल्व्हमधून हवा कमी सुटते, म्हणून कॉम्प्रेसरच्या क्षमतेला तो पुरतो का हेही पाहा. नुसते ऑपरेटरला "नऊच्या वर जाऊ नको" सांगणे म्हणजे दाब कमी केला असे होत नाही.

भेग सापडली आहे, पण गळत नाही. हंगाम संपेपर्यंत चालेल?

झीज आणि भेग यांना एका मापाने मोजू नका. झिजेचा वेग मोजता येतो. भेग महिनोन्‌महिने शांत बसते आणि एका रात्रीत धावते. भेगेचे मूल्यमापन करायचे तर तिची लांबी आणि खोली, धातूची चिवटता, जोडात अडकलेला ताण आणि भेग वाढण्याचे कारण, एवढे सगळे लागते. यातला एक आकडा नसला तरी उत्तर "थांबवा" हेच धरा.

कारण आधी शोधा. इव्हॅपोरेटरच्या बॉडी (उसाचा रस आटवायची भांडी) कॉस्टिक सोडा उकळून साफ करतात. ताणमुक्त न केलेल्या (वेल्डनंतर तापवून आतला ताण न काढलेल्या) कार्बन स्टीलच्या वेल्डशेजारी १०० अंशाच्या आसपासचा कॉस्टिक भेगा पाडतो. त्या बारीक, फांद्या फुटलेल्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या पोलादावर वेट फ्लुरोसंट मॅग्नेटिक टेस्ट घ्या, स्टेनलेसवर डाय पेनिट्रंट. वरून ग्राइंडिंग करून नुसते वेल्ड मारले तर पुढच्या उकळीला शेजारी नवी भेग निघते, कारण नव्या वेल्डने नवा ताण आणलेला असतो.

उथळ भेग ग्राइंडिंगने पूर्ण काढता येते. दर वेळी थोडे घासा, पुन्हा टेस्ट घ्या, निशाण गेल्याची खात्री करा, खड्ड्याच्या कडा उतरत्या करा आणि उरलेली जाडी मोजा. ती पुरत असेल तर वेल्डिंग न करता तसेच ठेवणे जास्त चांगले.

मिलच्या रोलर शाफ्टबद्दल मात्र आमचे मत ठाम आहे. शाफ्टमध्ये भेग, तर तो शाफ्ट हंगामाला नाही. मिनिटाला ४ फेरे म्हणजे १५० दिवसांत ८,६४,००० फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला भेग एकदा उघडते, एकदा मिटते. भेग बहुधा जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) खांद्यापाशी किंवा रोलरच्या शेलच्या कडेखाली सुरू होते, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या जागी. म्हणून ऑफ सीझनला शाफ्टच्या तोंडावरून अल्ट्रासॉनिक घ्या आणि मागच्या वर्षीच्या आलेखाशी जुळवा. तोंडावर सेंटर ड्रिल आणि नंबर पंच केलेले असतात, तिथे प्रोब नीट बसत नाही. तोंड घासून सपाट करून द्या.

वरून पट्टी मारली तर?

बॉयलरच्या दाबाच्या भागावर निरीक्षकांच्या मंजुरीशिवाय आणि प्रमाणित वेल्डरशिवाय काहीही मारायचे नाही. तो गुन्हा आहेच, पण मुख्य म्हणजे जीवावर बेतते. इतर दाबपात्रांवर पट्टी ही तात्पुरती दुरुस्ती. कोपरे किमान २५ मि.मी. त्रिज्येने गोल करा, कारण चौकोनी कोपऱ्यातून भेग निघते. पट्टी काढायची तारीखही ठरवा. पट्टीखाली आतून झीज चालूच असते आणि तिथे आता प्रोबही टेकत नाही. कायमच्या दुरुस्तीसाठी झिजलेला तुकडा कापून, त्याच जाडीची प्लेट बट वेल्डने (कडेला कड लावून) बसवा.

बगॅस (उसाचे चिपाड) जाळणाऱ्या बॉयलरच्या ट्यूब कुठे झिजतात?

उसाबरोबर येणारी माती बगॅसमधून भट्टीत जाते आणि तिथून वायूबरोबर उडणारी वाळू होते. हार्वेस्टरचा ऊस वाढला की माती वाढते. जिथे वायू वळतो किंवा फटीतून जोरात जातो तिथे ट्यूब कानशीने घासल्यासारखी सपाट आणि चकचकीत होते: बँक ट्यूबचा मड ड्रमजवळचा (खालच्या ड्रमजवळचा) भाग, बॅफल (वायू वळवणारा आडपत्रा) तुटलेली जागा, इकॉनॉमायझरचे (पाणी आधी तापवणाऱ्या भागाचे) बेंड, सूट ब्लोअरच्या (राख झटकणाऱ्या नळीच्या) समोरची रांग. ट्यूबवर बोट फिरवा. गोलाई जाऊन कड हाताला लागली की तिथे मोजा. फक्त पातळ ट्यूब बदलून थांबू नका. बॅफल पडलेले असेल तर नवी ट्यूबही दोन हंगामांत तशीच होते.

आतून होणारे नुकसान जास्त घातक. ज्यूस हीटरची किंवा पॅनची ट्यूब फुटली की साखर कंडेन्सेटमध्ये (वाफेच्या, बॉयलरकडे परत जाणाऱ्या पाण्यात) येते. बॉयलरच्या तापमानाला ती मोडून आम्ल तयार होते आणि पाण्याचा पीएच कोसळतो. अल्फा नॅफ्थॉलची चाचणी दर पाळीत अनेक वेळा घ्या. जांभळी कडी दिसली की कंडेन्सेट लगेच गटारात वळवा. अशी घटना किती वेळा आणि किती तास झाली हे लिहून ठेवा, कारण पुढे ट्यूब कुठून कापून बघायची ते त्यावरून ठरते.

ऑफ सीझनमध्ये बॉयलर कसा ठेवावा?

अर्धे पाणी, अर्धी हवा अशा अवस्थेत कधीच नाही. पाण्याच्या रेषेवर ऑक्सिजन खड्डे पाडतो. एक तर पूर्ण रिकामा करून, गरम असतानाच सुकवून, ड्रममध्ये सिलिका जेलचे किंवा चुनकळीचे ट्रे ठेवून बंद करा आणि दर महिन्याला ते बदला. नाहीतर काठोकाठ भरा, पीएच १० च्या वर ठेवा, सल्फाइट टाका आणि दर आठवड्याला तपासा. पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेरून ट्यूबवरची राखही पाणी धरते, म्हणून आधी राख पूर्ण काढा.

व्हॅक्यूम पॅनला (साखर शिजवायच्या निर्वात भांड्याला) आत दाबच नाही, मग धोका काय?

धोका उलट्या दिशेने आहे. बाहेरची हवा पॅनला चिरडायला बघते. इथे जाडीइतकाच गोलपणा महत्त्वाचा. सर्वात मोठा आणि सर्वात छोटा व्यास यांतला फरक १ टक्क्याच्या आत हवा. पोचा पडलेला, इन्सुलेशनखाली गंजलेली स्टिफनर रिंग (शेलला आधार देणारी कडी) असलेला पॅन जाडी भरपूर असूनही आत बसू शकतो. रिंग शेलला नीट चिकटून आहे का ते प्रत्यक्ष बघा.

अमोनियाच्या कोल्ड स्टोरेजला कशाची भीती?

दोन गोष्टींची. पहिली इन्सुलेशनखालच्या गंजाची. सक्शन लाइनवर (कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या थंड वाहिनीवर) वरचे आवरण फाटले की बाष्प आत शिरते. बाहेर जिथे दंव किंवा बर्फाचा गोळा दिसतो तिथे आवरण फाटलेले असते, ती जागा उघडा. सपोर्टच्या खाली, व्हॉल्व्हच्या जोडाशी आणि डीफ्रॉस्टमुळे थंड-गरम होणाऱ्या भागात गंज जास्त. दुसरी भीती रिसीव्हरमध्ये पडणाऱ्या भेगांची. दुरुस्तीला उघडल्यावर हवा आत राहिली की अमोनियातला ऑक्सिजन वाढतो आणि ताणमुक्त न केलेल्या डिशला, वेल्डला भेगा पडतात. भरण्यापूर्वी हवा पूर्ण काढा. अमोनियात ०.२ टक्के पाणी असेल तर या भेगांना आळा बसतो.

पुराचे पाणी येऊन गेले. सुकवून चालू करू?

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कृष्णाकाठी हा प्रश्न नवा राहिलेला नाही. ओले झालेले इन्सुलेशन सुकत नाही, ते काढून टाका. सेफ्टी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये गाळ बसतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून, साफ करून बेंचवर सेट करा. प्रेशर गेज बदला.

रिकाम्या टाकीकडे नीट बघा. ६ मीटर व्यास आणि ६ मीटर उंचीची, ६ मि.मी. पत्र्याची टाकी साधारण ८ टनांची असते. तिच्याभोवती २८-३० सें.मी. पाणी चढले की ती तरंगायला लागते. बोल्ट तुटून ती पुन्हा जागेवर बसली, तर बाहेरून काही कळत नाही. मात्र तळाच्या कोपऱ्याचा वेल्ड आणि पाइपचे नोझल ताणलेले असतात. लेव्हल घ्या, तळाच्या वेल्डची टेस्ट करा, मगच मळी भरा.

बगॅसला आग लागून शेजारची टाकी तापली. कसे ठरवायचे?

आधी काही हलवू नका, फोटो काढा. शेजारच्या वस्तू तापमान सांगतात: ग्रेटिंगचे जस्त वितळले असेल तर तिथे ४२० अंशापेक्षा जास्त, ॲल्युमिनियमचे क्लॅडिंग वितळले असेल तर ६६० पेक्षा जास्त. पत्र्याची कठीणता मोजून न तापलेल्या भागाशी तुलना करा. ब्रिनेल आकड्याला ३.४५ ने गुणले की पोलादाची अंदाजे ताणशक्ती मेगापास्कलमध्ये येते. सगळ्या गॅस्केट बदला.

सेकंडहँड घेतले आहे, ड्रॉइंग नाही.

मग प्रत्येक अज्ञात गोष्टीला वाईटातले वाईट धरावे लागते. प्लेटचा ग्रेड माहीत नाही, तर सगळ्यात कमी ताण. रेडिओग्राफीचा पुरावा नाही, तर जोडाची कार्यक्षमता कमी. एक्स-रे घेऊन आणि धातूचे पृथक्करण करून हे आकडे सुधारता येतात. तो खर्च खरेदीच्या आधी मोजा. बॉयलर असेल तर नोंदणी क्रमांक आणि जुनी फाइल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

गळीत जोरात चालू आहे, यार्डात उसाच्या गाड्या उभ्या आहेत. अशा वेळी काय दिसले तर थांबवायचेच?

ड्रम, हेडर किंवा शेलच्या वेल्डमधून वाफ किंवा पाणी झिरपणे. कुठेही फुगवटा. सेफ्टी व्हॉल्व्ह न उडता गेज कमाल दाबाच्या वर जाणे. गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) पाणी न दिसणे. मोजलेली जाडी मर्यादेखाली येणे. शाफ्टच्या अल्ट्रासॉनिकमध्ये नवा संकेत. यातल्या कशालाही "पाळी संपेपर्यंत" अशी सवलत नाही, आणि थांबवण्याचा अधिकार पाळीच्या इंजिनियरकडे लेखी असला पाहिजे, म्हणजे रात्री दोनला त्याला कोणाच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.

ट्यूब फुटली तर क्रम असा: बगॅस फीडर बंद, एफडी आणि एसए फॅन (भट्टीत हवा ढकलणारे) बंद, आयडी फॅन (वायू बाहेर ओढणारा) मात्र चालू, म्हणजे वाफ चिमणीकडे ओढली जाते आणि भट्टीच्या दारातून माणसांवर येत नाही. बॉयलर मुख्य वाफवाहिनीपासून वेगळा करा. ग्लासमध्ये पाणी दिसत असेल तर पातळी टिकवा. पाणी दिसेनासे झाले असेल तर फीड पंप बंद ठेवा, तापलेल्या ड्रममध्ये थंड पाणी सोडू नका. बॉयलरसमोरून माणसे हलवा, दाब आपोआप उतरू द्या, आणि ड्रम हात लावण्याइतका गार झाल्यावरच मॅनहोलचा पहिला नट सैल करा.